तुझ्या दंडावरच्या देवी

दामू,

तुला जाऊन तीन दिवस झाले आणि तीन दिवसांत शाळेत कुणी पोरांचे हात पाहिले नाहीत. पाहायला पोरंही फारशी नाहीत म्हणा. काल सगळ्या शाळेत मिळून नऊ डोकी होती. प्रार्थना झाल्यावर ती नऊही सवयीनं तळवे पुढे करून रांगेत उभी राहिली, आणि मी हेडमास्तर असून मला पुढं काय करायचं ते सुचेना. नखं पाहायची, बोटांच्या बेचक्यात खरूज आहे का बघायची, पापणी खाली ओढून डोळा तपासायचा आणि मग विचारायचं, काल घरी कोण आजारी होतं? सहा वर्षं रोज ऐकलेलं. पण मी "बसा" एवढंच म्हणालो आणि जाऊन खुर्चीत बसलो.

लोक सांगतात, मन घट्ट करा. मला त्यांचा राग येतो. तुला ठाऊक आहे मला राग किती लवकर येतो. पण हा राग त्यांच्यावरचा नाही, आणि ज्याच्यावरचा आहे त्याच्याबरोबर मला दिवसरात्र राहावं लागतंय.

ट्रेनिंग कॉलेजात आपण एका खोलीत राहिलो म्हणून आपलं अरे-तुरे. कल्याणच्या शाळेत मी वरचा आणि तू माझा असिस्टंट झालास, तेव्हा पोरांसमोर "दामोदरपंत" आणि "साहेब" असं ठरवून घेतलं होतं. दार लागलं की तू लगेच "वाश्या" म्हणायचास. मी तुला सुईणमास्तर म्हणायचो. पोरांचा शेंबूड पुसणारा, कुणाच्या आईचं बाळंतपण अवघड झालं तर मिश्र भागाकार तसाच फळ्यावर टाकून धावणारा मास्तर मी दुसरा पाहिला नाही. तुला ते नाव आवडायचं, याचीच मला जास्त चीड यायची.

नारूचं आठवतं? दर पावसाळ्याआधी चार-सहा पोरं पायाला काडी बांधून वर्गात यायची. जखमेतून बाहेर आलेला जंत त्या काडीला गुंडाळलेला असायचा, रोज बोटभर ओढायचा. आम्ही सगळे ते पाहतच लहानाचे मोठे झालो, त्यात कुणाला नवल वाटत नव्हतं. तू ठाण्याच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून ऐकून आलास की तळ्याचं पाणी जाड कापडातून गाळून प्यालं तर नारू होत नाही. झालं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या माठाला जुन्या धोतराची चौपदरी घडी बांधलीस. मग घरोघर गेलास. बायका दाराआडून ऐकायच्या आणि तू अंगणात उभा राहून भिंतीला सांगितल्यासारखं सांगायचास. आमच्या आईनं तुला वेड्यात काढलं, पण घडी बांधली. दोन वर्षांनी पहिलीच्या वर्गात एकही पोर लंगडत आलं नाही. मी तुला एका शब्दानं शाबासकी दिली नाही. उलट शाळा तपासायला येणाऱ्या डिपोटीसाहेबांची परीक्षा तोंडावर आली असताना गावभर हिंडतोस म्हणून झापलं.

आणि तात्यामास्तरांचा खोकला. बिगरीच्या वर्गात पोरं धुळाक्षरं गिरवणार आणि तात्या वीस वर्षं ती धूळ छातीत घेणार. तू तो वर्ग उचललास आणि बाहेर चिंचेखाली नेऊन बसवलास. मला विचारलंसुद्धा नाहीस. मी भांडलो. शाळा आहे की दवाखाना, असं विचारलं. त्यावर तू जे म्हणालास ते वाक्य मला कधी खोडता आलं नाही. म्हणालास, "वाश्या, मेलेलं पोर पावकी म्हणत नाही."

हे भांडण आपलं अर्धंच राहिलं.

या माघात लस टोचून देवी काढणारे आबाजी आले, तेव्हा तू आठ दिवस आधीपासून उड्या मारत होतास. मी मात्र कुढत होतो, कारण देवी काढायचं म्हटलं की गावाशी वाद ठरलेला. लस बाटलीत बंद करून येत नाही हे गावाला पटत नव्हतं. आधी एका पोराच्या दंडावर देवी काढायच्या, आठव्या दिवशी त्याचा फोड पिकला की त्यातली लस नस्तराच्या पात्यावर घेऊन दुसऱ्याच्या दंडाला लावायची, आणि त्याच्या दंडावरून पुन्हा आठ दिवसांनी तिसऱ्याला. दिव्यावरून दिवा लावत जावं तसं. मध्ये एकानं हात आखडता घेतला की सगळंच विझतं. आबाजी कोपर गावातून एक आगऱ्याची पोर घेऊन आले होते, तीन वर्षांची, आईच्या कडेवर. तिचा दंड पिकला होता. शाळेच्या ओसरीवर गावातली पांढरपेशी मंडळी जमली आणि पोरीला पाहून सगळ्यांना आपापली कामं आठवली.

त्या पोरीच्या आईला सगळं कळलं होतं. ती तुला म्हणाली, "मास्तर, आमचे पोरीच्या हातातला तुमचे पोरांना चालल का?" तू तिथल्या तिथे म्हणालास, चालेल. मग माझ्याकडे पाहिलंस. हेडमास्तरांनी आपली पोरं आधी पुढं केली असती तर निम्मं गाव आलं असतं. माझा नाना सहा वर्षांचा, कुसुम तीनची. दोघांच्याही देवी काढायच्या राहिलेल्या.

आणि मी काय केलं? मी अक्कल चालवली. घरात आईनं अन्नपाणी सोडण्याची धमकी दिली होती, आगऱ्याच्या पोरीच्या अंगातलं आपल्या नातवांच्या अंगात घालशील तर खबरदार. मलाही, खरं सांगायचं तर, ते आतून नको होतं. मी, जो तिसरीला शिकवतो की सगळ्यांचं रक्त तांबडं. तेव्हा मी तोडगा काढला: आधी कुणातरी ब्राह्मणाच्या दंडावर ती लस धरू द्यावी, मग आठ दिवसांनी त्याच्या दंडावरची आमच्या पोरांना लावावी. म्हणजे मधे एक आपला हात झाला. मी तुला हसत म्हणालो, "तू पाणी गाळून घ्यायला शिकवलंस ना, मग हेही गाळून घेऊ." ओसरीवरच्या सगळ्यांना ते एकदम पटलं. मोठमोठी शिकलेली माणसं माना डोलवायला लागली. एका दंडातून गेलं की सोवळं होतं, असं आम्ही सगळ्यांनी मिळून भर दुपारी ठरवलं.

तू हसला नाहीस. अंगरख्याची बाही वर केलीस. तुझ्या कोकणातल्या आडगावात देवी काढणारा कधी पोचला नव्हता आणि देवीही कधी आल्या नव्हत्या, म्हणून तुझा दंड कोराच होता. आबाजी कुरकुरले, मोठ्या माणसाला ताप फार येतो म्हणाले. तू म्हणालास, "यांना ब्राह्मणाचा हात हवा आहे. घ्या." त्या कोपरच्या बाईनं पोरीचा दंड धरला आणि तिच्या फोडातली लस तुझ्या दंडात गेली. तुझं स्वतःचं बाळ सात महिन्यांचं. त्याला तेव्हा खोकला होता, म्हणून त्याच्या देवी पुढच्या खेपेला काढू असं ठरलं.

आठव्या दिवशी तुझा दंड छान पिकला होता. लोक आले. मी आलो नाही.

मी तुला निरोप पाठवला होता की शाळाखात्याच्या कामानं ठाण्याला जावं लागतंय. खोटं होतं दामू. आई म्हणाली आज अमावास्या आहे, लेकरांच्या अंगाला सुरी लावायची नाही, आणि मी वाद घालायचा कंटाळा केला. पोरं घेऊन ठाण्याला सासुरवाडीला जाऊन बसलो. तुला ते खोटं कळलं होतं. तुला माझं प्रत्येक खोटं कळायचं, फक्त तू ते उघडं पाडत नव्हतास. हेडमास्तरच नाही म्हटल्यावर बरेच लोक परत फिरले. तरी अकरा पोरांना तू तुझ्या दंडावरची लस दिलीस.

दहाव्या दिवशी ठाण्यात निरोप आला, आमच्या आळीत देवी आल्यात, आमच्या शेजारचं पोर गेलं. पोरं तशी ठाण्यात होती, तिथेच ठेवता आली असती. पण ठाण्यातही देवी आल्याचं कुणी म्हणालं, आणि माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. नाना-कुसुमला घेऊन आलो तो थेट तुझ्या घरी. आबाजी तुझ्याच ओटीवर बसले होते, दुसऱ्या दिवशी भिवंडीला निघणार होते. तुझा दंड आठव्या दिवशी उघडलेला, सभोवार लाल झालेला, अंगात ताप. मी म्हणालो, आत्ताच्या आत्ता माझ्या पोरांच्या देवी काढा. आबाजी नाही म्हणाले. आठव्या दिवसानंतर दंड पुन्हा उघडायचा नाही, असा त्यांचा नियम. तू म्हणालास, "वासू, सहा दिवस थांब. त्या अकरा पोरांचे दंड पिकतील. त्यातली लस घे."

किती सरळ बोललास. सहा दिवस. मला सहा दिवस थांबता आलं नाही. मी ओरडलो. म्हणालो, सहा दिवसांत माझं पोर गेलं तर तू मला तोंड दाखवशील का? हे मी तुला म्हणालो, दामू. ज्या माणसाचा हात मी गाळणी म्हणून वापरला आणि आठव्या दिवशी टाळला, त्याला. आबाजींनी तुझ्याकडे पाहिलं. तू पुन्हा बाही वर केलीस आणि म्हणालास, "आधी कुसुमचं करा, ती लहान आहे." मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. मी तुझे आभारसुद्धा मानले नाहीत. कुसुम रडायला लागली तर तू तिला डाव्या हातानं थोपटत होतास.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी तुझा हात खांद्यापर्यंत सुजला. चौथ्या दिवशी तू पोरांची नावं घेऊन हजेरी घेत होतास. मी रोज येऊन बसायचो आणि रोज काहीतरी बोलायचं ठरवून यायचो. एकदाच तू शुद्धीवर होतास. तुला लोकांचं कानावर आलं होतं, की देवी काढल्या म्हणून मास्तरांना हे झालं. तू मला जवळ बोलावून म्हणालास, "आठव्या दिवशीचं बाधत नाही. दहाव्या दिवशी उघडला म्हणून झालं. हे तू सांग लोकांना. मी सांगितलं तर तुझ्यावर ढकलल्यासारखं होईल." मी मान हलवली. सांगतो म्हणालो.

पाचव्या दिवशी तू गेलास. टिटवाळ्याचा तुझा चुलतभाऊ आला, त्यानं तुझ्या बाळाचा हात धरून अग्नी दिला. स्मशानातून परतताना लोक माझ्या पुढं-मागं बोलत होते, बघा, सरकारी देवीनं मास्तर खाल्ला. मी ऐकत होतो. एक शब्द बोललो नाही. खाली मान घालून चालत होतो, आणि लोकांना वाटलं मला दुःख आवरत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या अकरा पोरांचे दंड पिकले. आबाजी भिवंडीहून मुद्दाम परत आले, ओसरीवर बसले. एकही पोर आलं नाही. घराघरात बायकांनी फोडांवर चुना चोपडला होता, काहींनी धुऊन काढले होते. आळीत देवीनं आणखी दोन पोरं गेली. हे मी केलं, दामू. तू सहा वर्षं अंगणा-अंगणात उभा राहून ज्या घरांचा विश्वास मिळवलास, तो मी एका गप्प बसण्यानं घालवला. दोन रात्री मी डोळा मिटलेला नाही. उशीवर डोकं ठेवलं की तुझी ती वर केलेली बाही दिसते.

आज कुसुमचा आठवा दिवस. नानानं आपला फोड खाजवून फोडला, तेव्हा गावात पिकलेला एकच दंड उरला होता, माझ्या पोरीचा. तिच्यावरून कुणी लस घेतली नाही तर इथे ती संपली, आणि नवी केव्हा येईल कोण जाणे. सकाळी कुसुमच्या आईनं दार अडवलं. माझी आई म्हणाली, त्याचं जे झालं तेच पोरीचं करायचं आहे का? मी तेव्हा घरात पहिल्यांदा सांगितलं. दामू कशानं गेला ते. आठव्या दिवशी मी कुठे होतो ते, आणि दहाव्या दिवशी काय बोललो ते. आई भिंतीला टेकून खाली बसली. कुसुमच्या आईनं मला वाट दिली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

पोरीला घेऊन शाळेच्या ओसरीवर बसलो. आबाजी शेजारी, नस्तर स्वच्छ धुऊन ठेवलेलं. रस्त्यानं जो जाईल त्याला थांबवून सांगत होतो. मास्तर देवीनं गेले नाहीत, माझ्यामुळे गेले. दहाव्या दिवशी मी हात उघडायला लावला. आज आठवा आहे, आज काही भीती नाही. लोक ऐकून घ्यायचे. काहींना मी वेडा झालो असं वाटलं असावं. चौथीतल्या एका पोराचा बाप, तुझ्याशी तासन्‌तास बोलणारा, म्हणाला, "साहेब, तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण मला एकच पोर आहे." त्याला मी काय सांगू? दहाव्या दिवशी मीही हेच म्हणालो होतो, जरा वेगळ्या शब्दांत. तो गेला. दुपार झाली. कुसुम माझ्या मांडीवर पेंगली. आबाजी म्हणाले, आणखी थोडा वेळ बसतो, मग निघतो.

मला तेव्हा जगणं नको झालं होतं, हे तुला सांगायला लाज वाटत नाही. तुझ्याशिवाय कुणाला सांगणार?

मग तुझ्या घरून यमुनावहिनी आल्या.

अजून सुतक फिटलेलं नाही, दहावा व्हायचा आहे, घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. त्या पदर डोक्यावरून पुढे ओढून भर रस्त्यानं चालत आल्या, बाळ खांद्याशी. ओसरीवर चढल्या नाहीत. पायरीखाली उन्हात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला सुतक आहे भाऊजी, तुम्हीच खाली या." रस्त्यावरचे लोक थबकले. मी कुसुमला घेऊन खाली उतरलो. त्यांना आधी सांगायला हवं होतं, नस्तर लागायच्या आधी, म्हणून मी बोलायला लागलो. वहिनी, दामूचा हात मी...

त्या म्हणाल्या, "मी आत होते, दाराआड. त्या दिवशी सगळं ऐकलंय मी. तुम्ही केव्हा सांगता याची वाट बघत होते." मग बाळाचा दंड उघडा केला. "यांचंच आहे ना हे? मग याला द्या."

तुझ्याबद्दल मी काही म्हणणार तोच त्या म्हणाल्या, आता रडू नका, पोरीचा हात हलेल. मी कुसुमचा हात धरला. आबाजींनी फोड उघडला. कोपरच्या त्या पोरीकडून तुझ्याकडे आलेलं, तुझ्याकडून माझ्या पोरीत गेलेलं, ते पुन्हा तुझ्या बाळाच्या दंडात गेलं. बाळ किंचाळलं. चांगलं जोरात, छाती भरून. खोकला पार गेलाय त्याचा, दामू.

दुसरं कुणी आलं नाही. थबकलेले लोक पाहून निघून गेले. वहिनी आल्या तशा परत गेल्या, माझ्याकडे न पाहता. त्यांनी मला क्षमा केली असं मी मनात आणलेलं नाही. आबाजी आठ दिवसांनी पुन्हा येणार आहेत.

आठ दिवसांनी तुझ्या बाळाचा दंड पिकेल. गावात तेवढा एकच असेल. उद्या सकाळी मी पहिल्या घरापासून सुरुवात करतो. अंगणात उभा राहीन आणि दाराआडच्या बायकांना मी काय केलं ते सांगेन, प्रत्येक घरी, पहिल्यापासून.